सारखीच १७.५ची मोटर, तरी बेल्टवाली गाडी सरळीत पुढं कशी निघते? (टीटी-०२, शाफ्ट, गियरिंग)

जिनिंगयार्ड (हिंगणघाट तालुका)

राम राम मंडळी. आमच्या इकडं जिनिंगचा सीझन आटोपला का यार्ड मोकळं होते, सिमेंटचं मोठ्ठं पटांगण, मालक ओळखीचे हायेत त्यायनं संध्याकाळी रिमोटवरच्या छोट्या (आरसी) गाड्या चालवायची परवानगी देल्ली. आम्ही पोट्टे ठिबकच्या जुन्या नळ्या टाकून ट्रॅक आखतो. माह्याकडं टामियाची टीटी-०२, शाफ्टवाली (मधल्या दांड्यानं ताकद चाकाइले जाते), किटमधली सिल्वर कॅन (साधी ब्रशवाली मोटर) काढून १७.५ टर्नची (टर्न म्हणजे तारेचे वेढे, जितके कमी तितकी मोटर फास्ट) सेन्सर्ड ब्रशलेस टाकली, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ब्लिंकीवर, म्हणजे त्याचं जादा टायमिंग बंद, २एस लायपो (दोन सेलची बॅटरी). मित्राकडं जुनी बेल्टवाली टूरिंग, सेकंडहँड आणलेली. तीच मोटर, तशीच बॅटरी, टायर बी सारखेच. वळणात मी त्याच्या मागंच असतो पण सरळी लागली का तो असा निघून जाते का बस. माही मोटर गरम बी होत नाही, हात ठेवला त कोमट लागते. एका दुकानदारानं सांगतलं का १३.५ घेऊन टाक. घ्याव का? का शाफ्ट मुळातच स्लो असते?

पिनियनवाला (अचलपूर)

मोटर नको घेऊ भाऊ, आधी दात मोज. कोणता पिनियन (मोटरवरचा लहान गियर) अन् कोणता स्पर (त्यानं फिरणारा मोठा गियर) लावून राह्यला ते सांग.

जिनिंगयार्ड

किटमधलेच. पिनियन २२, स्पर ७०.

पिनियनवाला

मग झालं, तुह्या प्रश्नाचं उत्तर तिथंच हाय. टीटी-०२चा आतला रेशो (स्परपासून चाकापर्यंतचा) २.६. म्हणजे ७० भागिले २२, गुणिले २.६, येते ८.२७. मोटर ८.२७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते, यालेच एफडीआर (फायनल ड्राइव्ह रेशो) म्हणतात. हा आकडा सिल्वर कॅनसाठी बसवलेला हाय, नवीन माणसाच्या हातात मोटर जळू नये म्हणून, अन् त्या कामाले तो एकदम बरोबर हाय. पण तू त्याच्यावर १७.५ ब्लिंकी लावली म्हणजे ट्रॅक्टर लो गियरात टाकून डांबरी रोडवर पळवून राह्यला. इंजिन वरडते पण गाडी सरकत नाही.

आता मित्राच्या गाडीचा हिशोब पाह्य. बेल्टवाल्या टूरिंगमंधी डिफची (दोन चाकाइले वेगवेगळ्या वेगानं फिरू देते तो) पुली ३८ दाती अन् मधल्या लेशाफ्टची २० दाती असली त आतला रेशो १.९. त्यानं समज १००चा स्पर अन् ४६चा पिनियन लावला असन त २.१७ गुणिले १.९, म्हणजे ४.१३. तुह्या अर्धा! १७.५ची मोटर मोकळी १७ हजार आरपीएम धर, टायरचा घेर २० सेंमी धर (६३-६४ एमएमचं चाक असते). तुही गाडी कागदावर ताशी २५ च्या आत, त्याची ४९. खऱ्यात दोन्ही आकडे कमीच येतीन पण फरक तोच राहीन. अन् १३.५ घेतली असती तरी याच गियरवर ३२च्या वर जात नव्हती, म्हणजे पैसे बी गेले असते अन् मित्र बी पुढंच राह्यला असता.

मोटर कोमट राहते त्याचं कारण बी हेच. ती सरळीच्या सुरुवातीलेच आपल्या टॉपले पोचते, मंग तिच्यावर लोडच नाही, करंट ओढत नाही. थंडी मोटर म्हणजे चांगलं सेटिंग असं लोक समजतात, पण १७.५मंधी थंडी मोटर म्हणजे पिनियन लहान हाय.

बेल्टप्रेमी (काटोल)

हिशोब बरोबर आहे भाऊंचा. पण फक्त गियरिंगवर सगळं ढकलू नका. शाफ्ट अन् बेल्ट यात फरक आहेच. टीटी-०२मध्ये मोटर लांबीच्या दिशेनं बसते, पिनियन स्परला फिरवतो, स्पर मधल्या शाफ्टला, अन् मग पुढं-मागं दोन्हीकडं बेव्हल गियर ताकद ९० अंशात वळवतात. बेव्हलचे दात एकमेकांना बाजूला ढकलतात, तो सगळा जोर बेअरिंगवर येतो, तिथं घर्षण. बेल्टच्या गाडीत मोटर आडवी, सगळे एक्सल एकमेकांना समांतर, कुठंच काटकोनात वळायचं नाही. शिवाय मोटर लांबीच्या दिशेत असली की थ्रॉटल मारला की चॅसी एका बाजूला पिळल्यासारखी होते. डाव्या वळणातून निघताना गाडी एक वागते, उजव्यातून निघताना दुसरं. बेल्टमध्ये तोच झटका पुढं-मागं जातो, डावं-उजवं बिघडत नाही.

आणि पुरावा पाहा ना. इफमारची (आरसी रेसिंगची जागतिक संघटना) इलेक्ट्रिक टूरिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९९८ला सुरू झाली. मार्क राइनार्ड २००४, २००८, २०१० असा तीनदा जिंकला, टामियाच्याच गाड्यांवर, पण त्या टीआरएफवाल्या (टामियाची रेसिंग टीम) बेल्टच्या. २०१८ला साउथ आफ्रिकेत ब्रुनो कोएल्यो एक्सरे घेऊन जिंकला, ती पण बेल्ट. ज्या कंपनीनं टीटी-०२ बनवली तीच कंपनी वर्ल्ड जिंकायला गेली तेव्हा बेल्टच घेऊन गेली. याच्यावर काय बोलायचं!

पिनियनवाला

वर्ल्ड चॅम्पियनशिप कार्पेटवर नाही त झाडलेल्या डांबरावर होते दादा. जिनिंगच्या यार्डात नाही होत. मी जिनिंगच्या यार्डात गाड्या चालवलेल्या हायेत म्हणून सांगतो. सीझन संपला, यार्ड झाडलं, तरी भिंतीच्या कडेले, भेगाइमंधी रुईचे धागे राह्यतेच. ते उडतात अन् फिरणाऱ्या एक्सलवर गुंडाळतात. बेल्टवाली गाडी उघडी असते, पुलीच्या फ्लँजमंधी धागा जाते, मंग त्याच्यावर धूळ चिकटते, त्याची कडक गाठ बनते, बेल्ट तिथं वर उचलला जाते अन् ब्रेक मारला का क्रर्र करून दात सोडते. बारीक गिट्टीचा खडा गेला त एकाच फेऱ्यात दात छाटून टाकते. टीटी-०२चे दोन्ही गियरबॉक्स बंद, मधला शाफ्ट बी झाकलेला. हिंगणघाटात बसून नवीन बेल्ट मागवला त पार्सल येईस्तोवर गाडी खुंटीले टांगलेली राहीन. आमच्या गावाकडं चालवायले शाफ्ट हेच बरोबर ड्राइव्हट्रेन हाय, हे मी पहिल्यापासून म्हणत आलो अन् आजही म्हणतो.

पण धागा शाफ्टवाल्या गाडीत बी जाते, फक्त दुसऱ्या जागी. चाकाचा हेक्स (चाक अडकते तो षटकोनी तुकडा) काढून पाह्य, त्याच्या मागं एक्सलवर, बेअरिंगच्या अगदी तोंडाशी, करड्या रंगाचं रिंगण दिसन. रबरी सीलसारखं वाटते, पण ती रुई असते! सुईनं उचकटली का लांबच लांब धागा निघते. चारही चाकाले असते. ते काढल्याबरोबर चाक मोकळं फिरते, मोटर बदलल्यावानी फरक पडते. दर वेळी गाडी ठेवायच्या आधी हे करायचंच.

मेकॅनिकल_यवतमाळ

जिनिंगयार्ड भाऊ, बेअरिंग टाकलेत का? टीटी-०२च्या बऱ्याच किटमध्ये बुश (बॉल नसलेले साधे कडे) येतात. सगळीकडे ११५० साइझ लागते, म्हणजे बाहेरून ११ अन् आतून ५ एमएम, एकूण १६ नग. बुश असतील तर गियरिंगच्या आधी ते बदला, कारण पिनियन वाढवला की लोड वाढतो, मग बुशमधलं घर्षण थेट मोटरच्या तापात दिसतं. माझ्याकडे डिप्लोमाच्या लॅबमधली सवय आहे म्हणून आधी मोकळेपणा तपासते: पिनियन स्परपासून सरकवून ठेवायचा, गाडी हातात उचलायची, एका मागच्या चाकाला बोटानं झटका द्यायचा. खरखर न होता फिरत राहिलं पाहिजे अन् थांबताना हळू हळू थांबलं पाहिजे. एकदम अडकल्यासारखं थांबलं तर कुठंतरी शिम (पातळ वॉशर) जास्त आहे किंवा डिफचा मोठा बेव्हल घट्ट बसलाय.

बेअरिंगला तेल शिलाई मशीनचं, टेलरच्या दुकानात मिळतं ते पातळ. एक थेंब बस. ग्रीस नको, उघड्या जागी ग्रीस म्हणजे धुळीला आमंत्रण. अन् पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरनं धूळ उडवत असाल तर बेअरिंगवर थेट हवा मारून गरगर फिरवू नका, कोरडं बेअरिंग त्या स्पीडनं फिरलं की संपलं.

जिनिंगयार्ड

ताई, बुशच हायेत. बेअरिंगचा सेट मागवतो. पिनियनवाले भाऊ, मंग पिनियन किती चा घेऊ? ४.१३ पर्यंत जायचं म्हणलं त ७०च्या स्परले ४४चा पिनियन लागते, तो बसनच नाही तिथं.

पिनियनवाला

नाहीच बसत. टीटी-०२मंधी मोटरच्या स्क्रूच्या जागा ठरलेल्या असतात. हायस्पीडवाला ६८चा स्पर मिळते, त्याच्यावर २७चा पिनियन लावला त ६८ भागिले २७ गुणिले २.६, येते ६.५५. ८.२७वरून ६.५५ म्हणजे सव्वा पटीनं टॉप वाढला, फक्त दोन गियरच्या पैशात. त्याच्याही खाली जायचं असन त सरकती मोटर माउंट येते, तिच्यावर लहान स्पर अन् मोठा पिनियन बसते, मंग ५च्या आसपास पोचते. मी म्हणतो आधी ६.५५वर चालव. तुमच्या यार्डाची सरळी किती लांब हाय?

जिनिंगयार्ड

पावलानं ५०-५५ पावलं असन. मंधी दोन हेअरपिन हायेत, पोट्ट्यायले हेअरपिनच आवडतात.

पिनियनवाला

मंग तुले ४.१३ची गरजच नाही. ४.१३ मोठ्या मोकळ्या ट्रॅकवर, जिथं गाडी वळणात बी वेग धरून ठेवते. हेअरपिनमंधून गाडी जवळजवळ थांबून निघते, तिथं उंच गियर लावला त मोटर करंट ओढत बसते अन् तापते. साधारण अंदाज सांगतो, १७.५ ब्लिंकीले ४च्या अल्याड-पल्याड, १३.५ ब्लिंकीले ५च्या आसपास, मॉडिफाइडले (अजून कमी टर्नच्या फास्ट मोटरीले) ७-८, पण हे चांगल्या मोकळ्या बेल्ट गाडीचे अन् मोठ्या ट्रॅकचे आकडे. तुमच्या यार्डाले ५ ते ५.५ पुरे. मित्र पुढं निघते पण हेअरपिनमंधून निघताना तुही गाडी आधी उठत असन, बरोबर?

जिनिंगयार्ड

हाव! निघताना मी त्याच्या बंपरले लागतो, मंग तो जाते.

चांदाऊन (ब्रह्मपुरीकडचा)

मध्येच विचारतो. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो हे सगळ्यांना माहीत. जानेवारीत जो पिनियन लावला त्यावर मोटर छान चालते, मे मध्ये त्याच पिनियनवर गाडी पाच मिनिटात सुस्त होते, मग परत थंड केली की ठीक. ईएससीचा प्रॉब्लेम समजून मी ईएससी पण बदलली. काय करावं?

मेकॅनिकल_यवतमाळ

भाऊ, मोटर हवेपेक्षा किती वर तापते ते बघा, नुसता आकडा बघू नका. जानेवारीच्या सकाळी हवा २० अंश, मोटर ४० अंशानं चढली तर ६०. तीच मोटर, तोच पिनियन, मे मध्ये हवा ४५ तर मोटर ८५. आतलं रोटर निओडिमियम मॅग्नेटचं, साध्या ग्रेडची मर्यादा ८०च्या आसपास असते, त्याच्या वर गेलं की चुंबक कमजोर पडत जातं, अन् जास्त तापलं तर थंड झाल्यावर सगळं परत येत नाही. म्हणून उन्हाळ्यात दोन दात कमी करायचे, एंडबेलचं (मोटरच्या मागच्या झाकणाचं) टायमिंग पण थोडं मागं. इन्फ्रारेडची तापमान बंदूक कोविडनंतर स्वस्त झाली, पण कपाळावर धरायची ती नको, तिची रेंज थोडीच असते, कारखान्यात वापरतात ती घ्या. अन् पिनियन वाढवताना एकेक दात वाढवा, तीन मिनिटं चालवून मोजा, मग पुढचा. दुपारच्या सिमेंटवर गाडी टाकूच नका, लायपोलाही ६०च्या वर नेणं धोक्याचं.

बेल्टप्रेमी

ताईंनी नेमकं सांगितलं. माझं एक म्हणणं शाफ्टवाल्यांसाठी: पुढच्या डिफकडं लक्ष द्या. टीटी-०२मध्ये दोन्ही डिफ ओपन गियरचे, आत बेव्हल. वळणातून निघताना आतलं पुढचं चाक हलकं होतं, सगळी ताकद तिकडं वाहून जाते, चाक नुसतं फिरतं. पुढच्या डिफमध्ये एकदम घट्ट ग्रीस किंवा ५ लाख सीएसटीच्या (ऑइलच्या घट्टपणाचं माप) आसपासचं सिलिकॉन ऑइल भरा, थ्रॉटलवर गाडी पुढून ओढते. मागं ३-५ हजारचं. पण किटमधला डिफ पातळ ऑइल धरत नाही, झिरपतो, त्यासाठी सीलवाला ऑइल डिफ वेगळा घ्यावा लागतो. आणि सिलिकॉन ऑइल तापमानानं कमी बदलतं म्हणतात ते इंजिन ऑइलच्या मानानं. ३८ अंशाला जितकं घट्ट असतं त्याच्या साधारण ४० टक्केच ९९ अंशाला उरतं. त्यामुळं चांदाऊन भाऊंच्या मे महिन्यात डिफ पण थोडा सैल वागणार, ऑइल एक पायरी जाड भरा.

वरुडसंत्रा

पुढं डिफच्या जागी सरळ स्पूलच टाकला तर? स्पर्धेच्या गाड्यांमध्ये स्पूलच वापरतात ना. किंवा वनवे? जुन्या एका गाडीत वनवे होता, वळणात शिरताना काय मस्त घुसायची ती.

मेकॅनिकल_यवतमाळ

वनवे धुळीच्या यार्डात नको. थ्रॉटल सोडला की पुढची चाकं मोकळी होतात, म्हणून शिरताना घुसते, पण त्याच कारणानं पुढच्या चाकांना ब्रेक नाही. सगळा ब्रेक मागच्या दोन चाकांवर, खाली धूळ, गाडी फिरून तोंड मागं करते.

स्पूलचं वेगळं. स्पूलमध्ये दोन्ही पुढची चाकं एकाच वेगानं फिरतात, त्यामुळं ब्रेकिंग अन् निघणं दोन्ही दमदार. पण ड्राइव्हशाफ्टचा जॉइंट बघावा लागतो. साधा युनिव्हर्सल जॉइंट वाकला की एकसारखा फिरत नाही. ३० अंश वाकवला तर प्रत्येक फेऱ्यात दोनदा चाकाचा वेग ०.८७ पटीवर उतरतो अन् दोनदा १.१५ पटीवर चढतो. डिफ असेल तर तो फरक डिफ थोडाफार गिळून टाकतो. स्पूलला गिळायला जागाच नाही, मग फुल स्टिअरिंगवर पुढची चाकं थरथरतात, टायर घासतात, ग्रिप तुटते. म्हणून स्पर्धेच्या गाड्यांत पुढं डबल जॉइंटचे शाफ्ट असतात, दोन जॉइंट शेजारी शेजारी, वाक अर्धा-अर्धा वाटला जातो अन् एकाची चढउतार दुसरा खोडून काढतो. किटच्या डॉगबोनवर (टोकांना पिन असलेला साधा ड्राइव्हशाफ्ट) स्पूल टाकला तर हेअरपिनमध्ये कप झिजतील, नाहीतर डॉगबोन उडून बाहेर येईल. जिनिंगयार्ड भाऊंसाठी घट्ट डिफच ठीक.

जिनिंगयार्ड

मंडळी, अपडेट. बेअरिंग आले, टाकले. ६८-२७ बी लावला. चाकामागची रुई काढली, पिनियनवाल्या भाऊनं सांगतलं तसंच करडं रिंगण होतं, एका चाकातून त एवढा धागा निघाला का माय विचारे हे काय गाडीत कापूस पिकवून राह्यला काय. पुढच्या डिफमंधी घट्ट ग्रीस भरलं. आता सरळीत मित्र अजून बी पुढं जाते पण पाच-सात हात, अन् हेअरपिनपाशी मी त्याले गाठतो. मोटर आता गरम होते, बंदूक नाही आमच्याकडं पण बोट चार-पाच सेकंद टिकते. गाडी वळणातून निघताना आधी बाहेर फेकायची, आता ओढत नेते. काल त मित्रच म्हणे गाड्या बदलून चालवू.

पिनियनवाला

वा रे पठ्ठे! बोट चार-पाच सेकंद टिकते म्हणजे साधारण ५५-६० असन, पण बोटाच्या भरवशावर पुढचा दात वाढवू नको, बंदूक घे. अन् मित्राचा बेल्ट बी एकदा तपासून द्या, अशा यार्डात तो झिजलेलाच असन. मधोमध बोटानं दाबून पाहायचं, एकदम ताठ असन त बेअरिंग खाते, लोंबत असन त ब्रेकवर दात सोडते. बल्कहेडमंधले (डिफ धरणारा भाग) गोल कॅम असतात ना, ते एक खाच फिरवून डिफ मागं-पुढं करायचं. पुढचा लांब बेल्ट मागच्यापेक्षा थोडा सैल चालते.

बेल्टप्रेमी

पाहा, शेवटी बेल्टची काळजी तुम्हीच सांगितली. मी अजूनही म्हणतो, यार्ड एकदा नीट झाडून, फडक्यानं पुसून घ्या, चार पोरं आहेत तर अर्ध्या तासाचं काम. मग बेल्टची मजा कळेल. थ्रॉटल सोडला की गाडी जशी मोकळी घरंगळत वेग धरून राहते ते शाफ्टमध्ये नाही मिळत.

पिनियनवाला

झाडून घ्यावं हे मान्य. शाफ्टले बी फायदाच हाय.

वरुडसंत्रा

एक विचारायचं राहिलं. मी ऑनलाइन ४८ पिचचा पिनियन मागवला, टीटी-०२च्या किटमधल्या स्परला लावला तर आवाज येतो, कर्र कर्र. मेश (दोन गियरमधलं अंतर) सैल केला तरी येतो, घट्ट केला तर जाम होतो.

मेकॅनिकल_यवतमाळ

नाही चालणार, काढून ठेवा. पिच अन् मॉड्यूल ही दाताच्या आकाराची मापं. किटचा स्पर ०.६ मॉड्यूलचा, ४८ पिच म्हणजे साधारण ०.५३ मॉड्यूल, दाताची जाडीच वेगळी. ६४ पिच तर ०.४. एकमेकांत बसल्यासारखे दिसतात पण प्लास्टिकचा स्पर दोन बॅटऱ्यांत छाटला जाईल. एक तर ०.६ मॉड्यूलचा पिनियन घ्या, नाही तर स्पर पण ४८चा घ्या, दोन्ही एकाच पिचचे. अन् मेश लावताना वहीच्या कागदाची पट्टी दोन गियरच्या मध्ये घालून मोटर दाबून स्क्रू कसायचा, मग पट्टी फिरवून काढायची. पट्टीवर दातांची घडी पडली पाहिजे पण कागद फाटला नाही पाहिजे. एकाच जागी तपासू नका, स्पर पूर्ण एक फेरा फिरवून बघा, प्लास्टिकचे स्पर पूर्ण गोल नसतात, जिथं सगळ्यात घट्ट लागतो तिथं कागद ठेवून कसा.

जिनिंगयार्ड

ताई, हे कागदाचं आजच करतो. बंदूक अमरावतीहून मागवली, आली का मोटरचे आकडे इथंच टाकतो, मंग ठरवू सरकती माउंट घ्यायची का नाही ते.